लाल रंगातली गल्ली

मंडळाच्या अध्यक्षांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. हे आमचे अध्यक्ष रहाटणीतल्या जुन्या शेतकरी घरातले. शेती कधीच गेली, तिथे आता त्यांच्या दोन इमारती उभ्या आहेत, त्यातल्या एकीत मी राहतो, आणि इमारतींच्या मागे भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांची एक लांबलचक गल्ली आहे. माणूस दिलदार, पण एकदा डोक्यात काही शिरलं की दुसऱ्याचं ऐकायचा नाही.

"काका, औंदा गनपतीत आमी सामाजिक देखावा करनार हाय," ते म्हणाले. "लोकसभेचं मतदान आत्ताच झालंय, उन्हानं लोकं भाजून निघाल्यात. दोन्हीचे नकाशे करू. कुठं लोकं मतदान करत्यात, कुठं न्हाई, आन कुठं किती तापलंय. तुमी काढायचे."

"अहो, मी क्वालिटीतला माणूस. मी कशाचे नकाशे काढतोय?"

"व्हय, पन तुमच्यावानी सरळ रेघ कुनाची येती?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं कसं, हे जुन्या गाववाल्यांकडून शिकावं. तेहतीस वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात, गाड्यांचे भाग बनतात तिथे, तपासणीच्या टेबलावर काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि हात शिवशिवत होते. घरात पोळी जरा वाकडी लाटली गेली तरी माझ्या तोंडून शब्द निघायचा. आमची ही म्हणाली, "जा बाई एकदाचे त्या मांडवात. निदान माझ्या पोळ्या तरी सुटतील."

तर मी गेलो. तीन नकाशे ठरले. पहिला देशाचा, कुठल्या राज्यात किती जणांनी मतदान केलं त्याचा. दुसराही देशाचाच, मागच्या काही दशकांत कुठे उष्मा किती वाढला त्याचा. आणि तिसरा आमच्या भागाचा, बूथवार मतदानाचा. ही तिसऱ्याची कल्पना माझी, आणि त्या वेळी मला तिचा भारी अभिमान होता. बाह्यरेषा फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतल्या. आकडे सरकारी संकेतस्थळांवरून मी स्वतः वहीत उतरवले, दोनदा ताडून पाहिले. रंग मात्र हाताने भरायचे ठरवले, कारण छापील रंगात मला कधीच समाधान नसतं.

रंगांवरून जे महाभारत झालं ते सांगायलाच हवं. आमच्या मंडळात झाडून सगळ्या पक्षांची पोरं आहेत, दहा दिवस फक्त ती एका गणपतीखाली बसतात. मी पहिल्या बैठकीत म्हटलं, जास्त मतदान तिथे भगवा देऊ. लगेच एक कोपरा हसला आणि दुसरा उठून उभा राहिला. निळा म्हटलं, तर तिसरा म्हणाला, मग आमचाच का नाही? कुठलाही रंग घ्या, तो कुणाचा तरी निघायचाच. अर्धा तास कचाकचा भांडण. शेवटी मी टेबलावर हात आपटला. "गप बसा रे! कंपनीतले रंग घेऊ. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे थांबवून ठेवलेलं, लाल म्हणजे नापास. हे तर कुठल्या पक्षाचे नाहीत ना?"

एकदम सगळे शांत. तिथला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत होता. हे रंग त्यांच्या अंगात मुरलेले होते, समजावून सांगायची गरजच पडली नाही. अध्यक्ष म्हणाले, "ह्याला म्हनत्यात अनुभव!" मी छाती फुगवून घरी आलो.

मग रंगवायला बसलो. ईशान्येकडची चिमुकली राज्यं भरभरून मतदान करतात, ती हिरवी झाली. गंगेकाठचे काही मोठाले भाग पिवळ्या-लालात गेले. आपला महाराष्ट्र असा मधला, ना धड इकडे ना तिकडे, मला जरा रागच आला त्याचा. उष्म्याच्या नकाशात लाल कमी पडला म्हणून आणखी एक डबा आणावा लागला. आणि आमच्या भागाच्या नकाशासाठी, बूथवर एजंट म्हणून बसलेल्या पोरांकडचे कागद जमवले. त्यात एक बूथ सगळ्यात खाली होतं, दुसऱ्या कुणाशी बरोबरीच नाही इतकं खाली. मागची पत्र्याच्या खोल्यांची गल्ली. मी ती गल्ली लालभडक केली. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण माझा स्वभाव आडवा आला. मतदान न करणाऱ्यांचा मला लहानपणापासून संताप. मी स्वतः सकाळी सातला, चहाच्या आधी, मत देऊन दहा मिनिटांत घरी आलो होतो. मला जमतं तर ह्यांना काय धाड भरलीय? ब्रश धुवायच्या आधी मी त्या लालावर पांढऱ्या रंगाने, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, "उदासीन मतदार".

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, म्हणतात ना, तसं मी ब्रशाने केलं.

पहिले पाच-सहा दिवस नुसती मजा होती. संध्याकाळी हातात छडी घेऊन मी नकाशांसमोर उभा राहायचो. मला वाटलं होतं, लोक देश बघतील. छे! आलेला प्रत्येक माणूस आधी आपलं गाव शोधायचा. कुणी लातूरकडचा, कुणी सोलापूरचा, कुणी चिपळूणचा. बोट टेकवून बायकोला म्हणायचा, "हे बघ, हितं आपण." देशाच्या एवढ्या मोठ्या नकाशावर महाराष्ट्राचाच रंग बोटांनी मळून गेला, बाकीची राज्यं कोरी करकरीत राहिली. कासारवाडीहून आलेला एक फिटर, मूळचा विदर्भातला, उष्म्याच्या नकाशापुढे माझ्याशी भांडला. "आमच्याकडं एवढंच लाल? काका, तुम्ही मे महिन्यात या एकदा आमच्या घरी, मग रंगवा." मला त्याचं हसू आलं आणि मी त्याच्या समाधानासाठी आणखी एक हात मारला. क्वालिटीतल्या माणसाने असं करू नये, पण केलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मागच्या गल्लीतली माणसं यायची, बायका जास्त, पण गणपतीला हात जोडून सरळ तिसऱ्या नकाशापुढे जायची. तिथे घोळका करून काही तरी कुजबुजायची आणि माझ्याशी न बोलता निघून जायची. मला वाटलं, लाजली असतील. मनात म्हटलं, बरं झालं, लागू दे जरा मनाला, पुढच्या वेळी जातील.

सातव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मांडवात मी एकटाच होतो. ऊन उतरलेलं नव्हतं. एक बाई आली. पस्तिशी-चाळिशीची, खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात कंत्राटी कामगारांचं ओळखपत्र. चाकणहून पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसने उतरून थेट आलेली दिसत होती. तोंडओळख होती माझी तिच्याशी, म्हणजे येता-जाता बघितलेलं. गल्लीत मुलीला घेऊन एकटी राहते, नवरा वारलाय, मराठवाड्यातली आहे, एवढं ऐकून माहीत होतं.

"काका, ह्याचा एक फोटू काढू का?"

"काढा की. सगळेच काढतात."

"समदा नको. निस्ता आमच्या गल्लीचा पाहिजे. लाल रंग नीट दिसंल असा."

मला गंमत वाटली. "लालच का?"

"गावाकडं दाखवायचाय. दिराला." तिने मोबाइल वर धरला. "हितलं माझं नाव गेलंय म्हणलं, तर पटंना झालंय त्याला. काही तरी पुरावा धाड म्हणायलाय."

"नाव गेलंय? कुठलं नाव?"

"मतदानाच्या यादीतलं."

मी छडी खाली ठेवली. खुर्ची पुढे ओढली, तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. "कोणी सांगितलं तुम्हाला, नाव गेलं म्हणून?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की ह्या म्हाताऱ्याला वेड लागलंय की काय. "लाल केलंय की आमाला," ती म्हणाली. "आख्खी गल्ली. काका, मी पॅकिंगला हाये चाकणला, आठ वर्सं. लाल टॅग मीच लावते. लाल ट्रेमधलं परत लायनीवर येत नाई. तुमाला ठावं नाई का? तुमी तर क्वालिटीचे साहेब."

तेहतीस वर्षं मी ह्याच हाताने लाल टॅग लावले होते, आणि लाल लागलेल्या मालाचं पुढे काय होतं ते तिच्याइतकंच मला माहीत होतं. तो मोडीत जातो, कुणी विचारतसुद्धा नाही. आणि हे रंग सगळ्यांना न सांगता कळतात म्हणून तर मी घेतले होते!

"ताई, तसं नाही हो," मी म्हणालो. "लाल म्हणजे फक्त मतदान कमी झालं, एवढंच. नावं आहेत तिथल्या तिथे."

तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? मग तिने जे सांगितलं ते ऐकून मला त्या मांडवात उभं राहणं नको झालं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिचं नाव रेशनकार्डावरून काढलं. ती मुलीला घेऊन इकडे आली. घरमालकाचं पत्र मिळवायला तीन वर्षं गेली, मग मंडळाच्याच नावनोंदणी शिबिरात तिने अर्ज भरला आणि ह्या पत्त्याचं मतदार ओळखपत्र हातात आलं. स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या घराचा तेवढा एकच कागद तिच्याजवळ. चौथीला गणपती बसले, तिने माझा नकाशा बघितला. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून कचेरीत गेली. तिथे गर्दी होती, गणपतीनंतर या म्हणून सांगितलं. मग गल्लीतल्या बायकांनी एकमेकींना सांगून पक्कंच करून टाकलं, की आपल्याला काढलंय.

"कोण्या तरी यादीत नाव पाहिजेच की माणसाचं," ती म्हणाली. "लेकीला उद्या विचारतील, तुझी माय कुठली? मी काय सांगू? म्हणून आठ वर्सांनी फोन केला दिराला. म्हणलं, गावच्या यादीत घ्या मला परत."

"मग? काय म्हणाला तो?"

"घेतो म्हणाला. पण आधी हक्कसोडीवर सही कर म्हणाला."

हक्कसोड म्हणजे नवऱ्याच्या वाट्याची जमीन दिराच्या नावे सोडून द्यायची. किती जमीन, मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकार नव्हता. शनिवारच्या एसटीचं आरक्षण तिने करून ठेवलं होतं. शनिवार परवावर आला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. इथे माझ्या एका डबा रंगापायी एका बाईची जमीन चालली होती.

"आन हे काय लिवलंय?" तिने बोटाने पांढरी अक्षरं दाखवली. "वाचता येतंय, पण समजंना. उदासीन म्हंजे?"

मी चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिलो. "म्हणजे... ज्यांना मतदानाचं काही पडलेलं नाही, ते."

तिने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "पर्मनंटवाल्यांना सुट्टी होती त्या दिशी. आमाला ठेकेदार म्हणला, मत टाकून बाराच्या आत कामावर या. शाळेच्या पटांगणात लाईन. वर कापडसुद्धा नाई. अकरा वाजता असं ऊन, की शेजारची लेकरू घेऊन आलती, ती माघारी गेली. तिच्यामागं आणखी चौघी गेल्या. कुणाला चक्कर, कुणाला बाराची धास्ती. मी डोक्यावर वला पंचा घेतला आन उभी ऱ्हायले. दुपारी एकला मत पडलं माझं. मला काही पडलेलं नसतं, तर कामून उभी ऱ्हायले असते, काका?"

मला माझी लाज वाटली. आयुष्यात इतकी क्वचितच वाटली असेल. माझ्या डाव्या हाताला उन्हाचा नकाशा होता, उजव्या हाताला मतदानाचा, दोन्ही मीच रंगवलेले. आठवडाभर छडी घेऊन मी दोन्ही वेगवेगळे समजावत होतो. आमच्या इमारतीचं बूथ शाळेच्या आतल्या वर्गात होतं, डोक्यावर पंखा होता. सकाळी सातला ऊन कसलं आणि रांग कसली!

"मी चुकलो, ताई," मी म्हणालो. "माफ करा मला."

"रंग द्यायच्या आधी गल्लीत एक चक्कर तरी मारायची," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आमची ही आरतीचं ताट आणि खोबऱ्याची खिरापत घेऊन आली. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं हो? बीपीची गोळी घेतली ना?" मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यासारखी नाही, ती माफी मागण्यात वेळ घालवत नाही. ताट तिने टेबलावर ठेवलं आणि बाईला म्हणाली, "कार्ड आहे का गं जवळ? दे इकडे. मोबाइलवर नाव शोधता येतं, मी माझ्या बहिणीचं शोधलंय."

कार्ड डब्याच्या पिशवीतच होतं, प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट रुमालात. ही नंबर टाकायला लागली. त्या सरकारी संकेतस्थळावर वेडीवाकडी अक्षरं येतात, ती ओळखून लिहावी लागतात. दोनदा चुकली. "हा छोटा क्यू आहे की नऊ आहे, बघा हो जरा," म्हणून माझ्यापुढे धरला. मी म्हणालो क्यू, ही म्हणाली नऊ, नऊच निघाला. ती बाई एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. पडद्यावरचं चक्र फिरत होतं. मी, साठी उलटलेला माणूस, मनात गणपतीला म्हणालो, देवा, एवढं एक नाव असू दे बाबा, मग पुन्हा हातात ब्रश धरणार नाही.

आणि ओळ आली. नाव, नवऱ्याचं नाव, वय, आमचा भाग, शाळा, खोली नंबर.

"आहे गं बाई!" ही ओरडली. "हे काय, ढळढळीत आहे!"

त्या बाईने मोबाइल दोन्ही हातांनी घेतला. मग एकदम मांडवाच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. हिने तिच्या पाठीवर हात ठेवला, मी उगीच उदबत्ती नीट करत राहिलो.

त्या संध्याकाळी आरतीच्या वेळी माइक घेऊन मी सगळ्या गल्लीची माफी मागितली. गल्लीवरचा लाल रंग आणि माझं ते पांढरं अक्षर दोन्ही खरवडून काढलं. अध्यक्षांनी ऐकल्यावर नुसती मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी दारोदार फिरून प्रत्येक बाईचं कार्ड मोबाइलवर तपासून दिलं, आमची ही त्यांच्याबरोबर. पण हे सगळं नंतरचं. त्याच्या आधी, चार वाजून गेलेल्या त्या दुपारी, डोळे पुसून त्या बाईने तिथूनच फोन लावला. पायरीवर बसूनच. फोन तिने स्पीकरवर का ठेवला, मला माहीत नाही. आम्ही ऐकावं असं वाटलं असेल.

"भाऊजी, मी शनिवारी येत नाई."

पलीकडून आवाज आला, "अगं, कागद तयार करून ठेवलेत मी. वकिलाला सांगितलंय."

"ऱ्हाऊ द्या. सही नाई करायची मला. वाटा ज्याचा त्याच्या नावावर ऱ्हाऊ द्या, लेकीचा हाय त्यो."

"मग नावाचं काय? तिकडचं तर गेलं म्हणत होतीस?"

"नाई गेलं," ती म्हणाली. "हाय. आत्ता बघितलं मी माझ्या डोळ्यानं."

तो आणखी काही बोलत होता, तिने फोन बंद केला. हिने तिच्या हातावर खिरापत ठेवली, ती तिने तशीच मुठीत धरली. मग हिला म्हणाली, "काकू, ते परत एकदा दाखवा की."

हिने मोबाइल पुन्हा समोर धरला. बाईने एका बोटाने ओळ धरून वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा अडखळत, एक-एक अक्षर लावत. मग पुन्हा पहिल्यापासून, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, न थांबता, खणखणीत आवाजात, रिकाम्या मांडवात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आठ वर्षं ती माझ्या खिडकीखालून कामावर जात होती. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.